काचेचा उंचवटा

“पण मला शिकवणार कोण? तू?”

सुधन्वा केंकरेने हसत विचारलं. हसू नीट उमटलं नाही.

टेबलापलीकडे डॉ. कालिंदी ढमढेरे बसली होती. पंचवीस वर्षांपूर्वी दोघं याच विभागात एम.एस्सी.ला होती. तो पहिला आला होता, ती दुसरी. निकालानंतर तो मुंबईला एका गुंतवणूक कंपनीत गेला. ती इथंच राहिली.

“दुसरं कोण आहे?” कालिंदी म्हणाली.

खरंच दुसरं कोणी नव्हतं. पन्नाशीला टेकलेला माणूस पदार्थविज्ञानात संशोधन करायचं म्हणतो, हे ऐकून विभागातल्या बाकीच्या मार्गदर्शकांनी चहा पाजला होता आणि विषय बदलला होता.

“मी पहिला आलो होतो,” सुधन्वा म्हणाला.

“हो. मी तुझ्याच नोट्स वाचून दुसरी आले.”

सुधन्वाने टेबलावरचं पेन उगाच सरळ केलं.

“एक सांगते,” ती म्हणाली. “प्रयोगशाळेत सगळे मला मॅडम म्हणतात. तूही तेच म्हण. कॅन्टीनला काहीही म्हण.”

तो बरं म्हणाला. पण शब्द तोंडातून निघेना. मग त्याने एक वाट काढली. ‘तू’ही नको आणि ‘तुम्ही’ही नको, अशी वाक्यं तो जुळवू लागला.

“पंप चालू करायचा का?”

“हे पाहून झालंय का?”

“एक सही हवी होती.”

कालिंदीच्या ते लक्षात आलं असावं.

मुंबईत सुधन्वाचं काम होतं दुसऱ्यांच्या योजनांमधली भोकं शोधण्याचं. कुठं पैसा बुडू शकतो, कोण काय झाकतोय, कुणाचा आत्मविश्वास पोकळ आहे... त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तो बैठकीला आला की तरणी पोरं कागद आवरून बसत.

इथं तो तळघरातल्या प्रयोगशाळेत स्टुलावर बसायचा आणि फरहीन शेख त्याच्या हातातून तारा जोडायची, सोल्डरची तापलेली कांब काढून घ्यायची.

“काका, टाका लावायचाय, गोळा नाही.”

फरहीनचं पीएच.डी.चं तिसरं वर्ष संपत आलं होतं. ती त्याला काका म्हणायची, मनापासून. त्यामुळे ते जास्त लागायचं.

पण फरहीनचं त्याला फार वाटत नव्हतं. त्याला वाटायचं ते कालिंदीचं.

ती दारातून आत येता येता थांबायची, मान तिरकी करून हवा काढणाऱ्या पंपाचा आवाज ऐकायची आणि म्हणायची, “पंपाचं तेल बदलायला आलंय.” उघडून पाहिलं की तेल खरंच काळं झालेलं असायचं. मुलं तिच्याशी हुज्जत घालायची, मोठमोठ्याने हसायची आणि ती आली की उठून उभी मात्र राहायची नाहीत. त्याच्यासाठी आयुष्यभर माणसं उभी राहिली होती. तरी हे न उभं राहणं त्याला हवंसं वाटायचं.

आणि तो उंचवटा.

साधी काच थंड करत नेली की तिच्यातून उष्णता कमी कमी वाहते. कालिंदीने सोळा वर्षांपूर्वी स्वतः भट्टीत एक काच घडवली होती. ती काच मात्र एका ठिकाणी उलटी वागली. आलेख उतरता उतरता मध्येच वर चढला, एक गोलसर उंचवटा झाला आणि मग पुन्हा उतरला. दुसऱ्या कुणी तशी काच बनवलीच नव्हती. बाहेरच्या जगात त्याला तिच्या नावाने ओळखत. विभागात नुसतं ‘उंचवटा’ म्हणत. फरहीनचा सगळा प्रबंध तो उंचवटा का येतो यावर होता.

तो आलेख सुधन्वाच्या टेबलासमोर भिंतीवर लावलेला होता. सकाळी आल्यावर पहिल्यांदा तोच दिसायचा. खाली नाव. ढमढेरे.

मी थांबलो असतो तर, असं त्याच्या मनात यायचं. मग ते वाक्य बदलत गेलं. मी थांबलो असतो तर हे माझं असतं. आणि नंतर नुसतं, हे माझं आहे.

एकदा कॅन्टीनमध्ये त्याने तिला विचारलं, “इतकी वर्षं तेच ते. तुला कंटाळा नाही आला?”

त्याला ‘हो’ ऐकायचं होतं.

“आला की. खूपदा.”

“मग?”

“मग दुसऱ्या दिवशी पंप चालू केला.”

तिने हे सहज सांगितलं. त्याला ती मिरवतेय असं वाटलं. घरी जाऊन त्याने बायकोला तेच वाक्य कालिंदीच्या आवाजात करून दाखवलं. बायको हसली नाही.

“तू तिथं शिकायला जातोस ना?” तिने विचारलं.

जुना क्रायोस्टॅट, म्हणजे काच ज्यात थंड करायची तो माणसाएवढा पोलादी थर्मास, बंद पडून बरीच वर्षं झाली होती. आता नवा उभा राहत होता. त्यात सोडायची लांब कांडी घडवण्याचं काम कालिंदीने सुधन्वाला दिलं. कांडीच्या टोकाला काचेचा तुकडा बसवायचा, त्याला तापमापक जोडायचे आणि तापमापकांच्या तारा वर आणायच्या.

“कपाटात जुनी कांडी आहे,” ती म्हणाली. “नीट बघ आणि तशीच कर.”

त्याने ती काढली. धूळ पुसली. तारांवर तपकिरी लाखेचा थर होता. तार कशी गुंडाळलीय ते दिसावं म्हणून त्याने पात्याने लाख जरा खरवडली.

वरच्या भागात करड्या रंगाची तार होती. उष्णता फारशी वाहून न नेणारी, जशी हवी तशी.

खाली, टोकाला अजून बसलेल्या काचेला लागून, वीतभर तुकडा तांबूस निघाला.

त्याने पुन्हा खरवडलं. तांबंच होतं. कधीतरी तार तुटली असेल आणि घाईत हाताशी आली ती जोडली असेल.

काचेतून उष्णता किती वाहते हे मोजायचं, आणि काचेला खेटून तांब्याची तार... उष्णता काचेला बगल देऊन तारेतूनच पळाली असणार.

सुधन्वा उठला. दार लावून घेतलं. तांब्याचा आलेख कुठल्याही पुस्तकात मिळतो. तांबं थंड करत नेलं की एका ठिकाणी ते उष्णता सगळ्यात जास्त वाहून नेतं. तिथं त्याच्या आलेखाला उंचवटा येतो.

त्याने भिंतीकडे पाहिलं. तीच जागा होती.

उंचवटा काचेचा नव्हता, तांब्याचा होता.

त्याला इतका आनंद झाला की तो स्वतःच दचकला. इथं आल्यापासून असा आनंद झाला नव्हता. पोरगेला, पोटातून उसळणारा.

त्याने कांडी पुन्हा कपाटात ठेवली. खरवडलेला भाग आतल्या बाजूला वळवून.

त्या आठवड्यात तो कालिंदीला काही बोलला नाही. पुढच्याही नाही. विभागाचं अनुदान वाढवायचं की नाही हे ठरवायला दिल्लीहून तीन पाहुणे येणार होते. त्यांच्यासमोर कालिंदीचं भाषण होतं. सुधन्वा त्या गुरुवारची वाट पाहत होता. घरी बसून तो पुन्हा पुन्हा आकडे तपासत होता आणि मनातल्या मनात उभा राहून बोलून पाहत होता.

गुरुवारी दुपारी खोली भरली. पाहुणे पुढच्या रांगेत बसले. कालिंदीने उंचवटा दाखवला, नव्या क्रायोस्टॅटवर काय काय करता येईल ते सांगितलं, फरहीनच्या कामाचं कौतुक केलं.

“काही प्रश्न?”

सुधन्वा उठला.

“मॅडम, एक शंका आहे.”

तो शब्द आज सरळ निघाला. गुळगुळीत, स्पष्ट.

तो फळ्याशी गेला. जुन्या कांडीबद्दल बोलला, लाखेबद्दल, वीतभर तांब्याबद्दल. मग पडद्यावरच्या उंचवट्याशेजारी त्याने खडूने तांब्याचा आलेख काढला. दोन्ही उंचवटे एकाच जागी आले. चढ तोच, उतारही जवळपास तोच.





कालिंदी फळ्याजवळ आली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“तार किती जाड?”

त्याने सांगितलं.

“काचेच्या कुठून कुठपर्यंत?”

त्याने तेही सांगितलं.

तिने फळ्याच्या कोपऱ्यात स्वतः आकडेमोड केली. तो तिच्या हाताकडे बघत होता. अक्षर नेहमीसारखंच येत होतं. फक्त एका ठिकाणी तिने आकडा लिहिला, बोटाने पुसला आणि पुन्हा तोच लिहिला.

“बरोबर आहे,” ती म्हणाली.

पाहुण्यांपैकी एकाने पेनाचं टोपण लावलं.

कालिंदीने खडू सुधन्वाच्या हातात दिला. मग ती गेली आणि विद्यार्थ्यांच्या बाकावर, फरहीनशेजारी, जाऊन बसली. दोन्ही हात बाकावर ठेवले.

“पुढे?”

“पुढे... म्हणजे?”

“तांब्याचा उंचवटा वजा केला. मागे काच उरली. ती कशी वागते?”

सुधन्वाने फळ्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे.

“ते मी... पाहिलं नाही.”

“आकडे तुझ्याकडे होते.”

“हो.”

“तार सापडून किती दिवस झाले?”

त्याने खडू फळ्याच्या कडेला ठेवला.

ती टोचून विचारत नव्हती. खरंच ऐकायला बसली होती. मान जरा तिरकी केलेली, पंपाचा आवाज ऐकताना करायची तशी. ती वाट बघत होती, आणि त्याच्याजवळ काहीही नव्हतं. इतके दिवस त्याने ते आकडे उलटेपालटे केले होते. पण काच काय म्हणते, हा प्रश्न त्याला एकदाही पडला नव्हता.

त्याची नजर फरहीनवर गेली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याला तेव्हा कळलं, तीन वर्षं हिचीही गेली. तिचा विचारसुद्धा त्याच्या मनात आला नव्हता.

“चहा घेऊ या,” शेवटी कालिंदीच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुधन्वा प्रयोगशाळेत आला तो किल्ली परत करायला.

कालिंदी आधीच आलेली होती. जुनी कांडी शिकंज्यात अडकवून ती पात्याने लाख खरवडत होती. केस विस्कटलेले, बाही कोपरापर्यंत वर केलेली.

“मी जातोय,” तो म्हणाला.

“कुठं?”

“घरी. मग बघू.”

“किल्ली तिथं ठेव.”

त्याने किल्ली ठेवली. पण तो गेला नाही.

“तू मला काहीच बोलणार नाहीस?”

“काय बोलू?”

“मी मुद्दाम केलं. मला आधीपासून माहीत होतं. पाहुणे यायची वाट बघत होतो.”

“कळलं ते. पहिल्यांदाच मला मॅडम म्हणालास.”

तो स्टुलावर बसला.

“राग नाही आला?”

पातं थांबलं.

“आला. काल जेवले नाही. आईनं दोनदा विचारलं, काय झालं गं, तर तिच्यावर ओरडले. शहाऐंशी वर्षांची बाई... घाबरून आत गेली.”

ती पुन्हा खरवडू लागली.

“अनुदानाचं?”

“अडवून ठेवलंय. नवीन मोजमाप दाखवा, मग बघू म्हणाले. आणि ज्या नियतकालिकात छापलं होतं त्यांना सकाळी कळवलंय, निष्कर्ष चुकीचा आहे म्हणून. तुझं नाव घातलंय.”

“माझं कशाला?”

“तार कुणी पाहिली?”

त्याला वाटलं, ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

इतक्यात फरहीन आली. पिशवी टेबलावर ठेवली. सुधन्वाकडे बघून ती क्षणभर उभी राहिली.

“काका, मला आधी सांगायचं होतंत.”

“चुकलं माझं.”

“मी या प्रबंधासाठी लग्न पुढं ढकललंय. घरी अब्बूंना काय सांगू?” तिचा आवाज चिरकला. तिने पाण्याची बाटली उघडली, न पिताच बंद केली. “जाऊ दे. तारेची जाडी कुठं मोजलीत तुम्ही? टाक्याजवळ की मधे?”

“टाक्याजवळ.”

“तरीच.” तिने पिशवीतून कागद काढला. “तिथं सोल्डर साचून जाड झालीय. मधे बारीक असणार. बारीक धरली तर तांबं सगळा उंचवटा खात नाही. खाली थोडं उरतंय.”

कालिंदीने मान वर केली.

“किती?”

“थोडंच. किंवा माझं चुकतंय. पण उरतंय, मॅडम.”

सुधन्वाने कागद ओढून घेतला. रेघ जवळजवळ सपाट होती. जवळजवळ. एका ठिकाणी ती किंचित उचललेली होती, पांघरुणाखाली कोणी गुडघा वर घेतल्यासारखी. आणि ती जागा तांब्याची नव्हती, जरा बाजूला होती.

त्याने कागद उजेडात धरला. ही उचल खरी असेल? कशामुळे असेल?

मग दुसराच विचार आला. ओळखीचा. हे या पोरीने पाहिलं. एका संध्याकाळीत पाहिलं. मी इतके दिवस यावर बसून होतो.

फरहीन वरच्या मजल्यावर, तारेची जाडी मोजायचा मायक्रोमीटर आणायला गेली.

“हे जात नाही,” सुधन्वा म्हणाला.

“काय?”

“हेवा. इतके महिने तुझा वाटत होता. तुझी खुर्ची, तुझा कान, भिंतीवरचं तुझं नाव. काल मला वाटलं, निदान लाजेनं तरी संपला असेल. आत्ता फरहीनचा वाटला. कागद हातात होता आणि मी...”

तो थांबला. कालिंदीने लाखेचा एक पापुद्रा फुंकून उडवला.

“तुला हे नाही कळणार,” तो म्हणाला. “तुला कधी कुणाचा वाटला नसेल.”

“वाटला ना.”

“कुणाचा?”

“तुझा. काल. तू फळ्यावर तांब्याची रेघ काढलीस आणि ती बरोबर जाऊन बसली. मला वाटलं, ही मी काढायला हवी होती. कांडी माझी, तार माझी, कपाट माझं. रोज त्याच्यासमोरून जाते मी.”

“म्हणजे... तुझीच चूक तुला...”

“हो. ती पण मला दुसऱ्याला द्यायची नव्हती.”

ती हसली नाही. तोही हसला नाही.

“अजून वाटतोय?”

“आत्ता, या घडीला? हो. चांगलाच.”

सुधन्वा तिच्याकडे बघत राहिला. पंचवीस वर्षांत त्याने हा चेहरा एवढ्या जवळून पाहिला नव्हता. डोळ्यांखाली काळं आलं होतं. गालावर लाखेची भुकटी चिकटली होती.

“मग त्याचं काय करतेस तू?” त्याने विचारलं. “मला सांग. मला खरंच हवंय.”

कालिंदी वाकून तारेचा मधला भाग शोधत होती. डोळे बारीक केले, कांडी शिकंज्यात थोडी फिरवली, पुन्हा वाकली. मग न बघताच हात लांब करून टेबलावरचा टॉर्च उचलला आणि त्याच्यापुढे धरला.

त्याने तो घेतला. लावला.

“जरा खाली धर,” ती म्हणाली. “मला दिसत नाहीये.”